टँक निपल नवा बसवला तरी बादली गळतेच, त्याचं काय?

चार नंबरची बादली. बेळगावात आमच्या अनगोळच्या गच्चीवर मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यावर (हायड्रोपोनिक्सने) टोमॅटो वाढवायच्या एकूण सहा बादल्या आहेत, त्यांत ही एकच मेली दर दोन-तीन आठवड्यांनी रडायची. पहिल्यांदा टँक निपलचा, म्हणजे पाइप जोडायला बादलीच्या भोकात बसवतात त्या आट्यांच्या तुकड्याचा, नट आवळला. दुसऱ्यांदा इपॉक्सीची पुट्टी मळून भोवती लावली. तिसऱ्यांदा निपलच नवा आणला आणि वरून सिलिकॉन फासलं. प्रत्येक वेळी दहा-बारा दिवस सगळं कोरडं, मग एका सकाळी पुन्हा फरशीवर ओल आणि ओलीच्या कडेला पांढरी रेघ. खालच्या काकूंच्या वाळवणावर दोनदा थेंब पडले, तेव्हा त्या वर येऊन सहा बादल्यांकडे बघत एवढंच म्हणाल्या, "अगं, कडोलीची भाजी रोज बाजारात येते की." कडोली म्हणजे आमच्या जवळचं भाजीपाल्याचं गाव.

तर हा लेख त्या चार नंबरसाठी. वर्षभरात जे कळलं ते सांगते. एकदा गळून बंद होणाऱ्या बादलीबद्दल मला काही सांगायचं नाही. नीट केली तरी पुन्हा गळते, तिच्याबद्दल सांगायचं आहे.

आमची मांडणी साधी आहे. रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्या, तळापासून थोडं वर भोक पाडून पाऊण इंची टँक निपल, सगळ्या बादल्या खालून पाइपने एकमेकींना जोडलेल्या, आणि एका टोकाला पंपाची बादली. पंप पाणी पहिल्या बादलीत सोडतो, ते एकेका बादलीतून फिरून परत येतं. तुमच्याकडे कोकोपीट भरलेल्या आणि वरून ठिबक सोडलेल्या बादल्या असल्या तरी निचऱ्याच्या भोकाची रड हीच असते.

आधी खात्री करा की गळतंय ते निपलमधूनच

हे मी सगळ्यात उशिरा केलं, म्हणून तुम्हाला आधी सांगते. बादलीखाली ओल दिसली की हात आपोआप पान्याकडे जातो. पण ओल तीन-चार वाटांनी येऊ शकते.

विहिरीचं किंवा बोअरचं गार पाणी नुकतं भरलेलं असेल आणि हवा दमट असेल, तर बादलीला बाहेरून घाम येतो. तांब्याच्या कळशीला येतो तसाच. तो घाम ओघळून निपलवर जमतो आणि तिथून टपकतो, म्हणजे चोर निपलच वाटतो. फरक ओळखायला सोपा आहे. घामाचं पाणी शुद्ध असतं, वाळल्यावर मागे काही राहत नाही. खताचं पाणी वाळलं की पांढरा क्षार राहतो. घाई असेल तर बशीत चार थेंब धरून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा. आकडा बादलीतल्या पाण्याच्या आसपास आला तर गळती, शून्याच्या जवळ आला तर घाम.

दुसरी वाट मुळांची. टोमॅटोचं झाड दोन महिन्यांचं झालं की त्याची मुळं शेंडीसारखी वाढून पाइपात शिरतात. मग पाणी पुढे सरकत नाही, मागच्या बादलीत चढतं आणि झाकणाखालून ओघळतं. ते ओघळत खाली येऊन थांबतं कुठे? निपलच्या नटावर. आमची दोन नंबरची बादली अशीच होती आणि तिचा निपल मी उगाच दोनदा आवळला. सगळ्या बादल्यांतली पातळी पट्टीने मोजून बघा. एकीत दोन-तीन सेंटिमीटर जास्त असेल तर तिच्या पुढच्या पाइपात काहीतरी अडकलं आहे.

एअर स्टोनचे (मुळांना हवा द्यायला पाण्यात सोडलेल्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे फुटून उडणारे शिंतोडे ही तिसरी वाट. पाणी झाकणापासून चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवलं की ती बंद होते.

आणि पातळी उतरली म्हणजे गळतंय असंही नाही. एप्रिलच्या उन्हात फळावर आलेलं टोमॅटोचं झाड दिवसाला दीड-दोन लिटर सहज पितं. झाड नसलेली बादली २४ तास भरून ठेवली आणि मार्करची खूण बऱ्यापैकी तिथेच राहिली, तरच ती बादली निर्दोष.

खरी गळती शोधायला मी खडू वापरते. निपलभोवतीचा भाग कोरड्या फडक्याने पुसायचा, नटाच्या वर, खाली आणि पाइपाच्या सांध्यावर रंगीत खडू घासायचा आणि खाली वर्तमानपत्राचं पान पसरून तासभर थांबायचं. पाणी जिथून निघतं तिथून खडूचा रंग गडद होत ओघळतो. नटाच्या वरून ओघळ आला तर पाणी वरून कुठूनतरी येतंय. नट आणि बादलीच्या मधून आला तर वॉशरचा दोष. नट कोरडा आणि एल्बो (पाइपाचा कोपरा) ओला असेल तर बादलीचा काही संबंधच नाही, तो पाइपाचा सांधा आहे. टेफलॉन टेप त्या एल्बोच्या आट्यांवर गुंडाळायची असते. निपलच्या लांब आट्यांवर टेपचं अख्खं रीळ गुंडाळलं तरी उपयोग नाही. त्या आट्या सरळ असतात, निमुळत्या नसतात. तिथे पाणी अडवायचं काम एकट्या रबरी वॉशरचं.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र या शोधाला हात घालू नका. बेळगावच्या पावसात गच्चीवर कोरडं असं काही सापडतच नाही.

आवळून आवळून काय होतं

माझा मावसभाऊ उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कारखान्यात आहे. मी दोन हातांनी पाना लावून नट पिळताना त्याने बघितलं आणि म्हणाला, "अक्का, ठेव तो पाना. ही काय प्रेस आहे काय? वीतभर पाणी आहे आत."

त्याचं म्हणणं हिशेबाने खरं आहे. १० मीटर उंच पाण्याचा दाब साधारण १ बार. आपल्या बादलीत पाणी ३० सेंटिमीटर, म्हणजे दाब ०.०३ बार. त्याच्याकडे शे-दोनशे बारची सीलं असतात. इतक्या कमी दाबाला पाणी अडवायला रबर नुसतं सगळीकडून सारखं टेकलं तरी पुरतं. जोर लावला की उलटंच होतं. पातळ वॉशर नटाबरोबर फिरतो, सुरकुततो, एका बाजूने बाहेर फुगतो. बादलीची भिंत आत वाकते. आणि पिचलेलं रबर काही दिवसांनी तसंच बसतं, परत उसळत नाही. माझं "दहा-बारा दिवस कोरडं, मग पुन्हा" याच्या मागे थोडं हेही होतं.

नट हाताने फिरेल तेवढा फिरवा, मग पान्याने पाव फेरा, फार तर अर्धा. पाना लावताना आतली बाजू दुसऱ्याला धरायला सांगा, म्हणजे वॉशर फिरणार नाही. आमच्याकडे ते काम सासूबाई करतात. हात बादलीत आणि बोलणं चालू.

पुट्टी आणि सिलिकॉनचं सांगायचं तर बादलीच्या बुडाला बघा. त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल. २ म्हणजे पॉलिइथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या दोन्हींना सहसा काही चिकटत नाही. पुट्टी घट्ट होते खरी, पण ती नुसती टोपीसारखी बसलेली असते. बादली भरली, भिंत किंचित फुगली की कडेने केसाएवढी फट पडते. पीव्हीसीचं सोल्युशन तर पीव्हीसीलाच विरघळवून जोडतं, बादलीवर ते वाळलेल्या डिंकासारखं निघून येतं. मी त्या चार नंबरवरून नखाने सगळे थर सोलले, तेव्हा खाली बादली नव्यासारखी गुळगुळीत होती.

वॉशर कुठे आणि किती जाड

रबर पाण्याच्या बाजूला हवं. निपलचं रुंद तोंड आत, त्याला लागून रबरी वॉशर, मग बादलीची भिंत, बाहेर नट. वॉशर फक्त नटाच्या बाजूला टाकला तर पाणी भोकातून आट्यांवर येतं आणि आट्यांच्या वळणावरून चालत बाहेर पडतं. दोन वॉशर असतील तर एक आत, एक बाहेर. एकच असेल तर आत.

आता मुख्य अडचण. वॉशर सपाट असतो, बादली गोल. पाऊण इंची निपलचा वॉशर साधारण ४५ मिमी रुंद, बादलीचा व्यास २९ सेंटिमीटर. वहीत हिशेब केला तर वॉशरच्या मध्यापासून कडेपर्यंत भिंत जवळजवळ पावणेदोन मिमी वळते. निपलबरोबर जो वॉशर येतो तो एक-दीड मिमीचा. तो ही फट भरणार कसा? तो सपाट टाकीसाठी केलेला असतो किंवा आपल्या घरावरच्या मोठ्या टाकीसाठी, जिचा व्यास मीटरभर असल्यामुळे वळण जाणवतच नाही.

म्हणून मऊ रबराचा ३ मिमीचा वॉशर लागतो. खडेबाजारात रबर शीट कापून मिळते. कातरीने गोल कापायचा, मधलं भोक आट्यांना घट्ट बसेल असं. इपीडीएम रबर मिळालं तर उत्तम, पाण्याला आणि उन्हाला ते टिकतं. काळं नायट्राइल तेलाला छान, पण उन्हात तडकतं. सायकलच्या ट्यूबचं रबर वाईट नाही, नुसतं पातळ आहे. दोन-तीन थर घेतले तर थरांमधून पाणी वाट काढतं, तेव्हा त्या फंदात पडू नका. अर्धा इंची निपलला वळण मिमीभरच पडतं, म्हणून तो कमी त्रास देतो. पण मुळं अडकण्याच्या दृष्टीने अर्धा इंच फारच बारीक.

भोक फार खाली घेतलं असेल तर कोणताच वॉशर बसणार नाही. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे बादलीला आतून गोलाई असते. निपलचं तोंड त्या गोलाईवर चढलं की एका कडेने उचललेलंच राहतं. भोकाचा मध्य तळापासून ५-६ सेंटिमीटर वर घ्या. तळाशी थोडं पाणी उरेल, उरू दे.

पाऊण, मुक्कालु आणि २५ मिमी

दुकानात मी "पाऊण इंच" म्हणते, दुकानदार आत कानडीत ओरडतो "मुक्कालु", आणि पोरगा जो पाइप आणतो त्यावर लिहिलेलं असतं २५ मिमी. तिघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

शेतीचा करडा पीव्हीसी पाइप बाहेरून २५ मिमी. प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी पाऊण इंच बाहेरून २६.७ मिमी. गरम पाण्याचा क्रीम रंगाचा सीपीव्हीसी पाऊण इंच बाहेरून २२.२ मिमी. तिघंही बोलीत पाऊण इंच. निपलला आटे असल्यामुळे तिथे हा गोंधळ जाणवत नाही. पण जे लोक निपल न लावता रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारी रबरी कडी) भोकात बसवून पाइप थेट खुपसतात, त्यांची गळती बहुतेक इथलीच असते. २६.७ चा पाइप धरून केलेल्या ग्रोमेटमध्ये २५ चा पाइप घातला तर तो सैलच राहणार. ऑनलाइन मागवलेल्या ग्रोमेटवर बऱ्याचदा अमेरिकी माप असतं, म्हणजे आपला पांढरा यूपीव्हीसी त्याला जुळतो, करडा नाही. दुकानात जाताना ग्रोमेट खिशात न्या आणि पाइप तिथेच घालून बघा. साबणाचं पाणी लावून जोर देऊन जात असेल तर माप बरोबर. सुळकन गेला तर घेऊ नका.

निपलसाठी भोकाचं माप: पाऊण इंची आट्यांचा बाहेरचा व्यास २६.४ मिमी, भोक २७ चं पाडा. अर्धा इंचीला २१ ते २२, एक इंचीला ३४. तापवलेल्या सळईने भोक पाडायची आपल्याकडे पद्धत आहे, मीही पहिल्या दोन बादल्यांना तसंच पाडलं. त्याने कडेला वितळलेल्या प्लास्टिकचा कंगोरा उभा राहतो आणि वॉशर त्या कंगोऱ्यावर बसतो, भिंतीवर बसत नाही. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घ्या, ड्रिल सावकाश फिरवा, मागे लाकडाचा तुकडा धरा आणि कड सुरीने तासून बोटाने चाचपा. बोटाला काही लागलं तर वॉशरलाही लागणार.

चार नंबरचं खरं दुखणं

हे सगळं केलं. ३ मिमीचा वॉशर, नवं भोक, हलका हात. बाकी पाच बादल्या गप्पच होत्या. चार नंबर अठराव्या दिवशी गळली.

तेव्हा मी निपल सोडून पाइपाकडे बघायला लागले. बादलीवर बादली रचता यावी म्हणून तिची भिंत वर रुंद, खाली निमुळती असते, दोन-तीन अंश तिरकी. त्या भिंतीत काटकोनात बसवलेला निपल किंचित जमिनीकडे तोंड करून असतो. शेजारच्या बादलीचाही तसाच. आता या दोन वाकड्या तोंडांमध्ये तुम्ही सरळ, कडक पीव्हीसी पाइप सोल्युशन लावून बसवला, तर तो दोन्ही निपलांना सतत वर उचलत राहतो. आतलं तोंड एका बाजूने भिंतीत रुततं, दुसऱ्या बाजूने सुटतं.

त्यात ऊन. पीव्हीसी दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०६ मिमी वाढतं. आमची साडेतीन मीटरची ओळ रात्रीच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात आली, २५ अंशांचा फरक धरला, तर ५ मिमी लांब होते. हे ५ मिमी कुणाच्यातरी निपलवरच जाणार. रोज दुपारी ढकलायचं, रोज रात्री ओढायचं.

आणि चारच नंबर का? कारण गच्चीचा पाण्याचा उतार तिच्याखालूनच जातो. तिची एक कड चायना मोझॅकच्या उंचवट्यावर होती. रिकामी असताना बादली सरळ दिसायची. १६-१७ लिटर पाणी भरलं की तेवढ्याच किलोंच्या भाराने ती तीन-चार मिमी बसायची, आणि शेजारणी न बसल्यामुळे तो सगळा फरक निपल सोसायचा. मी निपल बदलायचे बादली रिकामी करून. रिकाम्या बादलीत तो कायम नीटच बसायचा.

उपाय दोनच केले. प्रत्येक बादलीखाली शहाबादी फरशीचा तुकडा, खाली सिमेंट-वाळू घालून, सहाही स्पिरिट लेव्हलने एका पातळीत. आणि बादल्यांमधला कडक पाइप काढून टाकला. निपलला होज कॉलर (नळी चढवायचं तोंड) लावून मध्ये वीतभर मऊ नळी टाकली, आत जाळी असलेली, दोन्हीकडे स्टीलच्या क्लिपा. नळी चढत नसेल तर टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा. नळी पारदर्शक असली तर तिच्यात शेवाळ धरतं, म्हणून काळी टेप गुंडाळायची. ताणून बसवू नका, नळीला थोडं पोट सुटलेलं हवं. बादली हलली तरी नळी हलते आणि निपलला पत्ताही लागत नाही. पंपाकडून येणारी लाइन कडकच ठेवली आहे, पण तिचा भार बादलीवर नको म्हणून विटेवर टेकवली.

आता या उन्हाळ्यात चौथा महिना चालू आहे, सगळं कोरडं.

जोडणी करताना एक शिस्त पाळा. प्रत्येक बादली एकटी, निपलच्या तोंडाला टोपी लावून, काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. मग ओळीत जोडा, पुन्हा भरा, पुन्हा एक रात्र. खत त्यानंतरच घाला. साधं पाणी गळलं तर वाईट वाटत नाही.

झाड मोठं असताना गळायला लागली तर

खरा प्रसंग बहुतेक हाच असतो. झाडाला बारा टोमॅटो लागलेत, तारेला बांधलंय, आणि बादली रिकामी करायला मन होत नाही.

संध्याकाळी पाचनंतर हात घाला, ऊन उतरल्यावर. नळीला मध्ये चिमटा लावा. दोन लाकडी पट्ट्या आणि सुतळी चालते, म्हणजे शेजारच्या बादल्या रिकाम्या होणार नाहीत. रिकामी बादली शेजारी ठेवून तिच्यात तेच खताचं पाणी घ्या. तारेची गाठ सोडून झाड झाकणासकट उचलायचं आणि त्या बादलीत ठेवायचं, एअर स्टोनही त्याच्याबरोबर. हे काम दोघांचं, एकाने खोड धरायचं, एकाने मुळं ओंजळीत. मुळं ओली आणि हवा चालू असली तर तीन-चार तास झाडाला काही होत नाही. उन्हात पाच मिनिटं उघडी राहिली तर मात्र दुसऱ्या दिवशी शेंडे माना टाकतात.

तेवढ्या वेळात वॉशर बदलून होतो. भिंत आतून बोटाने पुसून घ्या, मुळांचा चिकट थर आणि क्षार राहिला तर नवा वॉशरही त्याच्यावरच बसेल. क्षार निघत नसेल तर व्हिनेगरचं फडकं दोन मिनिटं दाबून धरा, मग पाण्याने धुवा.

आणि दुकानं बंद असताना रात्री नऊला सापडली, तर निपलशी झटापट करू नका. झाड दुसऱ्या बादलीत, गळणारी बादली ओळीतून बाहेर, दोन्हीकडच्या नळ्यांना चिमटे आणि पंप बंद. बाकी झाडं रात्रभर एअर पंपावर राहतात. खालच्या काकूंचं वाळवण बाहेर असेल तर तेवढं आधी आत घ्यायला सांगा.